धागेबाबांची चूळ

दुकानांच्या वरच्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये गर्दी अशी, की शिंक एकाला यावी आणि रुमाल दुसऱ्याच्या खिशातून निघावा. व्यासपीठावर धागेबाबा. पुढ्यात टेबलावर काचेचे पेले, तांब्यात 'सागरतीर्थ', बाटलीत 'निर्मळ रस' आणि बर्फाच्या डब्यात गारठवलेलं 'अमृतजल'.

"सागरतीर्थाची चूळ भरा! गाल दातांनी हळूच खरवडा! तीस आकडे मोजा! थुंका!" बाबा गरजले. थुंकीत रस पडला, वर अमृतजल पडलं, आणि बघता बघता पेल्यात पांढरे धागे लोंबू लागले.

"सात पिढ्यांची बाधा! क्वांटम पातळीवरून खेचून काढली!"

"अगं बाई!" हॉलभर उसळलं. क्वांटम म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बाबांना तर मुळीच नव्हतं; पण शब्द वजनदार होता.

तिसऱ्या रांगेत दंतू बसली होती. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला लागल्यापासून दिसेल त्याच्या दाढा मोजत सुटली, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव. शेजारी तिची मावशी, लॉन्ड्रीवाली. मावशीच्या गालाला आतून पांढरा चट्टा उठला होता. डॉक्टरांनी तुकडा तपासून स्पष्ट सांगितलं होतं: कर्करोग आहे, पण अगदी सुरुवातीचा; मंगळवारी ऑपरेशन करून काढून टाकू. आणि मावशी म्हणत होती, "कापायचं कशाला? बाबा दर रविवारी धाग्याधाग्याने काढतायत की."

"मावशी, चार रविवार झाले. चट्टा आहे तिथेच आहे."

"तू अजून शिकतेयस. गप बस."

दंतू गप्प बसलीही, पण बाबांच्या हाताकडे लक्ष जाईपर्यंतच. बाबांनी पेला तिरपा धरला होता आणि अमृतजल काठावरून असं हळूहळू सोडत होते, की खालचं पाणी ढवळू नये, वर वेगळा थर बसावा. दंतूने डोळे चोळले. गेल्याच महिन्यात प्रॅक्टिकलला बाईंनी तिचा हात धरून अगदी हेच शिकवलं होतं. तिने घाईने ओतलं, तेव्हा धागे विस्कटले म्हणून ओरडल्याही होत्या. आता सात पिढ्यांच्या बाधेला पेला सरळ आहे की तिरपा, याची कशाला फिकीर?

ती उठली ती थेट टेबलाशी.

"पोरी, मागे हो! तोंड वाकडं होईल!"

"होऊ दे. आमच्याच कॉलेजात सरळ करून घेईन."

तिने चूळ भरली, थुंकली, रस घातला, पेला तिरपा करून अमृतजल सोडलं. धागे हजर!

"बघा, बघा! हिलाही बाधा!" बाबांना चेव आला.

"बरं. आता बर्फाचा डबा सांभाळणाऱ्या तुमच्या या चेल्याची घ्या चूळ."

चेल्याने बाबांकडे पाहिलं, लोकांनी चेल्याकडे. बिचाऱ्याने भरली. त्याचे धागे असे निघाले, की बघणारे आजही शपथेवर सांगतात, हातरुमाल विणून झाला असता.

"आता तुम्ही, बाबा."

"आम्ही निर्मळ! आमच्यात बाधा नाही!"

"मग पेला कोराच राहील. भिता कशाला?"

तेवढ्यात मावशी उठली. तिने 'निर्मळ रसा'ची बाटली उचलली, नाकाशी नेली आणि बोटांवर थेंब चोळून पाहिला.

"तीस वर्षं लॉन्ड्री चालवतेय मी. हा भांडी घासायचा साबण आहे." मग पेला बाबांच्या हनुवटीखाली धरून ती म्हणाली, "भरा चूळ. तुमच्या भरवशावर मी मंगळवार सोडायला निघाले होते. मला बघायचंय."

लोक उभे राहिले. दाराशीही लोकच होते. बाबांनी चूळ भरली.

सगळ्यांत दाट धागे बाबांचे निघाले.

"ही बाधा नाही," दंतू म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "हा डीएनए आहे. सागरतीर्थ म्हणजे मिठाचं पाणी. गाल खरवडला की पेशी सुटतात, साबणाने त्या फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो. अमृतजल म्हणजे गार स्पिरिट. त्यात तो विरघळत नाही, मिठामुळे गोळा होतो आणि धाग्यांसारखा दिसतो. माझ्यात आहे, तुमच्यात आहे, नुकत्या जन्मलेल्या बाळातही आहे. मावशीच्या चट्ट्यातल्या पेशींच्या डीएनएत बिघाड झालाय, म्हणून त्या वेड्यासारख्या वाढतायत. त्या पेशी तिथून काढाव्याच लागतात. चुळीने जातात त्या गालावरच्या सुट्या पेशी. रोग जागेवरच राहतो."

"मग इतके रविवार..." कुणीतरी पुटपुटलं. बाबांनी बर्फाचा डबा काखोटीला मारला, पण चेल्याने तो धरून ठेवला. त्यालाही काही प्रश्न पडले होते म्हणे.

जिन्यात मावशी थांबली. "मंगळवारी काही न खाता जायचंय ना?"

"हो."

"सोबत चल. आणि तिथे माझ्या दाढा मोजायच्या नाहीत."

मंडळी, तोंडात चट्टा दिसला आणि दोन आठवड्यांत गेला नाही, तर तडक डॉक्टरांना दाखवा. आणि चमत्कार दिसला, तर टाळी वाजवायच्या आधी तो पुन्हा करून दाखवायला सांगा. मात्र या खेपेला चूळ बाबाला भरायला लावा.