हिरव्या खुणेमागून

मी टाइप चेकर बोलतोय. प्रोग्राम चालण्याआधी तो ओळ न् ओळ वाचायचा आणि आकड्याच्या जागी मजकूर घुसला असेल तर लाल रेघ मारायची, हे माझं काम. दर वेळी मला सांगावंही लागत नाही. 'मर्यादा = १००' एवढं लिहिलंत, की मर्यादा म्हणजे आकडा हे माझं मी ताडतो. त्याची मला थोडी घमेंडही होती.

पण मला दिसतो तो फक्त लिहिलेला प्रोग्राम. उद्या बाहेरच्या यंत्रातून काय येईल, ते मी कुठून ताडणार? तिथे मी अडतो, आणि माणसं वैतागतात.

जर्मनीत, गेर्लिंगेनजवळच्या एका कंपनीत मी निशिगंधाच्या लॅपटॉपवर आलो. पोरगी हुशार, पण उतावळी. ब्रेक तपासायच्या टेस्ट बेंचचा प्रोग्राम तिचा. दाब शंभरावर गेला की त्याने लाल दिवा लावायचा. सेन्सरकडून येणाऱ्या दाबापाशी मी अडलो, तर तिने तिथे 'एनी' लिहून टाकलं. म्हणजे काहीही येवो, तू गप्प बस. मी मुकाट्याने हिरवी खूण दिली. ती कॉफी प्यायला गेली.

बरेच महिने निभावलं. सेन्सर खरं तर मजकूर पाठवायचा, पण '९५.०' असा टिंब देऊन, म्हणून प्रोग्राम त्याला आकडा समजून चालवून घ्यायचा. मग नवा सेन्सर बसला, जर्मन पद्धतीने टिंबाऐवजी स्वल्पविराम देणारा. '१३०,०' हा प्रोग्रामला आकडाच वाटेना. शंभरापेक्षा जास्त आहे का? उत्तर कायम 'नाही'. मला यातलं काहीच दिसत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सगळ्यांना फायरआबेंडचे, काम संपवून घरी जायचे, वेध लागले होते. खालच्या हॉलमधून बेंच सांभाळणाऱ्या देवानंदसरांचा फोन आला.

"निशिगंधा, नळीतून तेल गळतंय. दिवा लागलेला नाही, म्हणजे दाब कमीच आहे. बेंचच्या खोलीत जाऊन नट आवळतो. आल्झो, म्हणजे तुझ्याकडे सगळं ओके ना?"

"हो सर, चेकर ग्र्यून आहे, हिरवी खूण आहे."

"नव्या सेन्सरचे आकडे बघितलेत ना त्याने?"

"नाही सर. तो आकडे बघतच नाही. एक मिनिट थांबा."

"अगं, लवकर कर. लेकीला कीटातून आणायचंय, पाळणाघर बंद होईल."

तिने नव्या सेन्सरची माहिती उघडली; दाब मजकूर म्हणून येत होता, तोही स्वल्पविराम देऊन. 'एनी' खोडून तिने जे खरं होतं ते लिहिलं: मजकूर. त्याच क्षणी, दिवा लावायच्या ओळीवरच, मी जीव तोडून लाल रेघ मारली.

"सर, आत जाऊ नका! दिवा लागणारच नाही! मागचा दाबाचा काटा बघा!"

फोनमध्ये घाईची पावलं वाजली.

"एकशे चाळीस," सर म्हणाले. "दार उघडलं होतं गं मी."

निशिगंधा टेबलावर डोकं टेकून रडली.

मी अजून तिच्याच लॅपटॉपवर आहे. आता ती एकेक 'एनी' शोधून काढते आणि मी पडदा लाल करून सोडतो. शेजारचे हसतात, तिला त्याचं काही नाही. तुम्हालाही एवढीच विनवणी. घाईत माझं तोंड बंद करावं लागलं तर करा, पण माझ्या गप्प बसण्याला होकार समजू नका.