बेर्टहोल्डचा पेला

"पाठ उबदार होती गं त्याची, बुर्गी. शेकोटीला टेकल्यासारखी."

कोर्बिनियानचा हा आवाज वाल्बुर्गाच्या कानात मुरून बसला होता. लष्करी इस्पितळात, पोटाला जखम घेऊन पडलेला तिचा नवरा थांबत थांबत सांगत होता आणि ती ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपत होती. गोळ्यांच्या माऱ्यात त्याला पाठीवर टाकून खंदकापर्यंत आणलं ते बेर्टहोल्डनं, बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सच्या फुलांचे यहुदी व्यापारी लेमले यांच्या एकुलत्या एका मुलानं. कोर्बिनियान त्याच आठवड्यात गेला. बेर्टहोल्ड पुन्हा आघाडीवर गेला, तो तिकडेच मातीआड झाला.

इस्पितळातून ती घरी आली तेव्हा धाकटा दीर सेव्हरिन रजेवर येऊन आईच्या पायाशी बसला होता. "आई, मीच आणलं गं दादाला. ह्या पाठीवरून." आघाडीच्या कितीतरी मागं, फौजेच्या बटाट्यांच्या कोठारावर होता तो. पण म्हातारी नोटबुर्गानं त्या पाठीवरून हात फिरवला, तिच्यावर गाल टेकला आणि पहिल्यांदा मोकळं रडली. वाल्बुर्गानं ओठ शिवून घेतले. एक लेक गेला, दुसऱ्यानं त्याला उचललं. ह्या दोन काड्यांवर म्हातारीचं घरटं उभं. ते आपण कसं मोडायचं?

मग देश लढाई हरला. राजा पळाला, पाव सकाळी एका किमतीला तर संध्याकाळी दुसऱ्या. आणि सेव्हरिनच्या दंडावर नव्या पक्षाची पट्टी आली. इझार नदीकाठच्या त्यांच्या बिअरच्या खानावळीत, मागच्या दालनात, त्या पक्षाच्या सभा भरू लागल्या. आधी चार टाळकी, मग चाळीस, मग उभं राहायला जागा नाही. सभा उठली की वाल्बुर्गा बाकं पुसायची. सांडलेली बिअर, चघळून थुंकलेली सॉसेजची सालं, आणि भिंतीवर टेकलेल्या डोक्यांचे तेलकट डाग. कितीही सोडा घातला तरी त्या दालनाला आंबूस वास यायचा. तिला वाटे, हा वास बिअरचा नाही, बोलण्याचा आहे.

खानावळीची एक जुनी रीत होती. रोज येणाऱ्यांचे झाकणाचे दगडी पेले भिंतीतल्या फळीवर असायचे. पेल्याचा धनी वारला, तर पितरांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्याचा पेला उतरवून भरायचा आणि त्याच्या नेहमीच्या जागी ठेवायचा. झाकण मिटलेलं. शेजारी घरच्यांनी बसायचं. दुसऱ्या दिवशी ती बिअर अंगणातल्या चेस्टनटच्या झाडाच्या मुळाशी.

त्या वर्षीही दुपारी नोटबुर्गानं पेले मांडले. थरथरत्या आवाजात ती गुणगुणत होती,

"झाकण मिटून ठेवा बाई, पाहुणा वाटेत आहे,
दार लोटून ठेवा बाई, वारा ओळखीचा आहे."

कोर्बिनियानच्या पेल्याशेजारी बेर्टहोल्डचा. दोघं बसायचेच तसे. लेमले येऊन मुलाच्या पेल्याशी बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली. हल्ली ते टोपीसुद्धा कुणाची परवानगी घेतल्यासारखी काढत.

"बसू ना गं पोरी?"

"लेमलेकाका, हे काय विचारणं झालं?"

आतून सेव्हरिनचा आवाज भिंत फोडून येत होता. "आपण हरलो नाही! आपल्या पाठीत खंजीर खुपसला! माझा भाऊ मी ह्या पाठीवर वाहिला, आणि तेव्हा हे यहुदी कुठं होते? घरी! उशाशी तिजोरी घेऊन!" त्यावर हशा, मग बाकांवर मुठी. लेमले झाकणाकडे बघत राहिले. वाल्बुर्गाला किळस आली. त्यातली अर्धी तिला स्वतःचीच होती.

सभा उठली. सेव्हरिन घामेजलेला बाहेर आला, मागं पाववाला ओटमार आणि पट्टीवाले दहाबारा.

"आयला," ओटमार म्हणाला, "सेव्हरिन, तुमच्याकडं पितरं पण सरमिसळ बसवतात होय रे?"

हशा झाला. सेव्हरिनचे कान तापले. "वहिनी, तो पेला उचल."

"कुणाचा?"

"नाटकं नकोत. आमच्या दादाशेजारी तो नको."

"तुझा दादा त्याच्याच शेजारी बसायचा."

"दादा भोळा होता."

"आणि तू?" ती म्हणाली. "तू काय आहेस?"

सेव्हरिननं हात पुढं केला. बेर्टहोल्डच्या पेल्याचं झाकण अंगठ्यानं वर केलं, घसा खाकरला आणि आत थुंकला. फेसावर ते पिवळट तरंगत राहिलं. कुणीतरी टाळी वाजवली. ओटमार पोट धरून हसत होता, त्याच्या हनुवटीवर सॉसेजची चरबी चकाकत होती.

लेमले उठले. दोन्ही हातांनी त्यांनी तो पेला उचलला. "राहू दे पोरी. मी घेऊन जातो घरी. पुढच्या वर्षापासून घरीच ठेवीन." उचलताना थुंकी कडेवरून त्यांच्या बोटांवर ओघळली.

"सेव्हरिन," म्हातारी पुटपुटली, "मेल्या माणसाचं झाकण रे..." मग तिनं सुनेकडं बघितलं आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "तू नको रागावू गं बुर्गी. बोलायचा हक्क आहे त्याला. माझ्या लेकराला पाठीवर आणलंय त्यानं."

वाल्बुर्गानं लेमलेंचं मनगट धरलं. कमरेच्या फडक्यानं त्यांची बोटं एकेक करून पुसली. सगळे बघत होते.

"आई," ती म्हणाली, "तुमचं लेकरू ह्यानं नाही आणलं. हा कोठारात बटाटे निवडत होता. कोर्बिनियाननं मरताना मला सांगितलं."

"वहिनी!"

"मध्ये बोलू नकोस." तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. म्हातारीचा चेहरा हळूहळू विझत गेला. तो विझताना बघणं तिनं इतकी वर्षं टाळलं होतं, आता बघितलं. मग ती लेमलेंकडे वळली.

"काका, माझ्या नवऱ्याला तुमच्या मुलानं पाठीवर आणलं. तुमच्या बेर्टहोल्डनं. त्याची पाठ उबदार होती म्हणे. आणि हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, तुम्ही रोज माझ्यासमोर बसायचात, तरी मी तुम्हाला सांगितलं नाही."