मखमलीचा मान

दुकानाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. चपला काढा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण आत पांढराशुभ्र गालिचा अंथरलेला, तो पाहून पहिल्या कुणीतरी आपणहून काढल्या असणार, आणि मग मागचे काढतच गेले. प्रयोगबाईंनी ढिगाकडे बघितलं आणि त्यांचं टाळकं तिथेच सटकलं.

"लॅपटॉपच्या दुकानात अनवाणी," त्या बहिणीला म्हणाल्या. "उद्या साष्टांग नमस्कारही घालतील."

"हळू बोल गं. लोक बघतायत."

"बघू देत. मी काय चोरी केलीय?" असं म्हणून बाई चपलांसकट गालिच्यावरून चालत गेल्या.

प्रयोगबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेत विज्ञान शिकवायच्या तेव्हा कुणी काहीही विचारलं की त्या म्हणायच्या, "सांगत नाही, करून बघू." मुलांनी नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की निवृत्तीनंतर घरचेही तेच म्हणायला लागले. आज त्या इथे हौसेने आल्या नव्हत्या. थोरल्या बहिणीने, ताईने, ओढून आणलं होतं.

आत माणसांची ही दाटी. खुर्च्या भरल्या होत्या, मागे लोक टाचा उंचावून उभे होते. दिवे मंद झाले आणि पांढरा टी-शर्ट घातलेला, कानाला माईक अडकवलेला एक गुळगुळीत माणूस पुढे आला. सगळे त्याला सर म्हणत होते. बाईंनी मनातल्या मनात त्याचं महाराज असं बारसं करून टाकलं.

महाराजांसमोर दोन टेबलं होती. मधल्या काचेच्या टेबलावर चंदेरी लॅपटॉप, वरून एकच झोत सोडलेला. बाजूच्या टेबलावर जाड लाल मखमल आणि तिच्यावर साधा काळा लॅपटॉप, कुणाच्याही घरी असतो तसा.

"आम्ही कुणाला कमी लेखत नाही," महाराज म्हणाले. आवाज मधात घोळलेला. "उलट बघा, स्वस्ताचा आम्ही मान ठेवलाय. त्याला मखमलीवर बसवलंय."

लोक हसले.

"दोघांना काम एकच. विखुरलेली दृश्यं जोडून, रंग चढवून, एक सलग फिल्म तयार करायची. मी हात लावणार नाही. तुम्हीच बघा."

दोन्ही पडद्यांवर हिरव्या पट्ट्या सरकायला लागल्या. सुरुवातीला बरोबरीने. मग काळ्याचा पंखा घरघरायला लागला, आवाज चढत गेला आणि त्याची पट्टी अडखळत अडखळत पार रांगायला लागली. महाराजांनी माईक त्याच्याजवळ धरला. घरघर साऱ्या दुकानात घुमली.

"ऐका. दम लागला बिचाऱ्याला."

तेवढ्यात चंदेरीची पट्टी पूर्ण झाली. मोठ्या पडद्यावर डोंगर, समुद्र, हसणारी मुलं उमटली, दिवे लागले आणि टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एकाने तर चक्क हात जोडले.

"स्वस्तात फक्त दम असतो," महाराज म्हणाले, "आणि तो लागतो. आमच्या यंत्राला श्वास आहे. म्हणून त्याची किंमत तिप्पट आहे. कुणाला शंका असेल तर आपला लॅपटॉप घेऊन या. इथे सगळ्यांसमोर बसवू."

बाईंनी शेजारी बघितलं तर ताईचे डोळे भरले होते.

"आपल्याकडचाही असाच करतो गं," ती म्हणाली. "अगदी असाच धापा टाकतो. मी स्वस्तातला घेतला, म्हणून पोरीचं नुकसान झालं."

नुकसान झालं होतं हे खरं. ताईची मुलगी फिल्मची काटछाट आणि जोडणी शिकत होती. एका नामांकित स्टुडिओने कामासाठी नमुना मागवला होता, आणि ऐन वेळी घरचा लॅपटॉप गळाठला. फिल्म वेळेत पोचली नाही. स्टुडिओने पोरीची चिकाटी बघून आणखी एक संधी दिली होती, पण ती शेवटची. तेव्हापासून ताईला झोप नव्हती.

महाराजांना असली माणसं बरोबर सापडतात. ते ताईसमोर येऊन वाकले.

"ताई, मुलीच्या भविष्यात काटकसर करायची का, हे मी नाही विचारत. तुमचं मन विचारतंय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शंका घेणाऱ्याला फसवणं वेगळं. पण हा गडी आईच्या काळजालाच हात घालत होता, आणि वर मी काही विचारतच नाही म्हणत होता.

घरी आल्यावर कळलं की ताई विचार करून मोकळी झाली आहे.

"मशीन विकतेय," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी माणूस येणार आहे बघायला."

शिवणाच्या खोलीत खिडकीपाशी ते मशीन होतं, जाड कापडाचं, मोटरचं. वडील गेल्यावर ताईने त्याच मशीनवर बसून घर चालवलं होतं आणि धाकट्या बहिणीला, बाईंना, पदवीपर्यंत शिकवलं होतं. स्वतःची शाळा मात्र सोडली होती. आता लॅपटॉपसाठी ते विकायचं आणि दुसऱ्याच्या कारखान्यात रोजाने शिवायला जायचं, या वयात.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"डोळ्यांनी बघितलं ना आपण दोघींनी?"

"डोळ्यांनी काय, डोळ्यांना सूर्यही फिरताना दिसतो."

"तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव," ताई तुटकपणे म्हणाली. "मला एकच पोर आहे."

बाई उठून भाचीच्या खोलीत गेल्या. भाची डोळे ताणून पडद्याकडे बघत बसली होती, आणि लॅपटॉप दुकानातल्या काळ्यासारखाच घरघरत होता.

"कॉलेजात पण असाच करतो का गं हा?"

"नाही ना मावशी. तिथे मस्त पळतो. मला वाटतं तिथली वीज चांगली असेल."

"वीज चांगली असेल," बाई म्हणाल्या. "हेच शिकवलं मी तुला."

लॅपटॉपखाली एक गादी होती. निळ्या कापडाची, भरगच्च कापूस भरलेली, कडेला पांढरा गोट लावलेली. ताईने लेकीसाठी मुद्दाम शिवली होती, लाकडी टेबलावर लॅपटॉपला ओरखडे पडू नयेत म्हणून. लॅपटॉप तिच्यात बाळासारखा रुतून बसला होता. बाईंनी खाली हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला.

"कॉलेजात ही गादी नेतेस?"

"एवढी मोठी कशी नेणार?"

बाईंनी लॅपटॉप उचलून उलटा केला. पोटाला बारीक जाळी होती. "हा इथून हवा ओढतो. ती हवा आतली उष्णता घेऊन कडेने बाहेर पडते. हवा मिळाली नाही की आत तापतो, आणि जास्त तापला की जळू नये म्हणून आपणहून काम हळू करतो. शहाणा आहे तो. आपणच त्याचं नाक दाबून धरलंय."

भाची गादीकडे बघतच राहिली.

"सांगत नाही," बाई म्हणाल्या, "करून बघू."

गादी बाजूला झाली. शिवणाच्या खोलीतून दोऱ्याची चार रिकामी रिळं आणून चार कोपऱ्यांखाली लावली. लॅपटॉप निवल्यावर तेच काम परत सुरू केलं. पंखा हलकासा वाजत राहिला आणि पट्टी न अडखळता पुढे गेली. भाचीने बाजूला ठेवलेली गादी उचलून मांडीवर घेतली.

"मावशी, आईला नको सांगू. किती प्रेमाने शिवलीय तिने."

"सांगायचं तर आहेच. पण आधी त्या मखमलवाल्याला सांगू."

दुसऱ्या दिवशी तिघी दुकानात गेल्या. ताईची समजूत अशी की घरच्या लॅपटॉपची एकदाची फजिती होईल, धाकटीचं तोंड बंद होईल आणि संध्याकाळी मशीनचा व्यवहार उरकेल. तिनेच पुढे होऊन महाराजांना सांगितलं, "आमचा आणलाय. बसवा."

"वा, वा," महाराज म्हणाले आणि लॅपटॉप मखमलीकडे घेऊन निघाले.

"तिथे नको," भाची म्हणाली. ती मखमलीच्या आड येऊन उभी राहिली. "काचेवर ठेवा."

"काचेवर आमचं यंत्र असतं. स्वस्ताला मखमलीचा मान."

"मान कालच बघितला," बाई उठून उभ्या राहिल्या. "आज आमच्या गरिबाला साधं काचेवर बसू द्या. का, काचेला विटाळ होतो?"

गर्दीत खसखस पिकली. पुढच्या रांगेतला एक दातांचा डॉक्टर मात्र चिडला. काल हात जोडणारा तोच, आणि काल जाताना चंदेरी लॅपटॉप घेऊन गेलेलाही तोच. आज नवीन पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"बाई, तुम्हाला परवडत नाही म्हणून दुसऱ्याच्या वस्तूला नावं ठेवू नका."

"नाव कुठे ठेवलं? जागा बदला म्हणाले. जागा बदलल्याने चमत्कार पळून जाणार असेल तर तसं सांगा, मी बसते खाली."

"ठेवू द्या की," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी दोघातिघांनी री ओढली. महाराजांनी हसून हात पसरले, पण हसू ओठांपुरतंच होतं.

घरचा लॅपटॉप काचेवर बसला, चंदेरीच्या शेजारी. काम तेच, दोघांनाही एकदमच दिलेलं. पट्ट्या सरकायला लागल्या. चंदेरी पुढे होता, हे कबूल करायला हवं, पण घरचा त्याच्या मागोमाग चालला होता. धापा नाहीत, अडखळणं नाही. चंदेरीचं झालं आणि महाराज चार वाक्यं बोलेपर्यंत घरच्याचंही झालं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"पुढे तर आमचाच," महाराज म्हणाले.

"हो, थोडासा. ते मी नाकारत नाही. आता तुमचा मखमलीवर बसवा."

"ते नाही जमणार."

"का?"

"बाई, त्याने यंत्र तापतं. वॉरंटी जाईल."

बोलून गेले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. बाईंनी त्यांना सावरायला वेळच दिला नाही.

"मखमलीवर यंत्र तापतं. तुम्हाला माहीत होतं. मग इतके दिवस त्या काळ्याला का तिथे बसवत होतात?"

महाराज माईक चाचपत राहिले. बाईंनी जाऊन काळा लॅपटॉप बाजूला केला आणि मखमल उचलली. खाली गादीसारखा जाड स्पंज होता, आणि काळ्या लॅपटॉपच्या पोटाची जाळी त्यात पूर्ण बुडत होती. त्यांनी लॅपटॉप उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"हे त्याचं नाक. हे मखमलीत दाबलेलं. काल ज्याच्यावर तुम्ही हसलात त्याला दम लागला नव्हता, त्याचा गळा घोटला होता. तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

"आणि मी घेतला त्याचं काय?" दातांचा डॉक्टर म्हणाला. आवाज आता चिडका नव्हता.

"तुमचा चांगला आहे. पडदा सुंदर, वजनाला हलका, थोडा जास्त चपळ. तेवढ्यासाठी तिप्पट द्यावेसे वाटले तर खुशाल द्या. कुठल्या कामासाठी घेतलात?"

डॉक्टर जरा घुटमळला. "पेशंटच्या वेळा लिहायला."

यावर सगळं दुकान हसलं, आणि शेवटी तोही हसला.

बाई हसल्या नाहीत. "मी महाग वस्तू घेऊ नका म्हणत नाही. किंमत बघून गुण ठरवू नका म्हणते. दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर आधी विचारा, दोन्ही सारख्याच ठेवल्यात का? जागा बदलून बघा. एकच गोष्ट बदला आणि बाकी सगळं तसंच ठेवा. आणि जागा बदलायला जो नाही म्हणेल, त्याच्या दुकानातून चपला घालून सरळ बाहेर पडा. तुमच्या लेकरांच्या नावाने कुणी तुम्हाला घाबरवत असेल, तर दोनदा विचारा."

बोलून झाल्यावर त्यांनी ताईकडे बघितलं. ताई त्या मखमलीकडे बघत होती. तिने हात लावून स्पंज दाबला, एकदा, परत एकदा. तिला काही सांगायची गरज उरली नव्हती.

"माझी गादी," ती एवढंच म्हणाली.

घराचं दार उघडल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तिची पहिली फिल्म माझ्यामुळे राहिली."

"आई, तू मायेने शिवली होतीस," भाची म्हणाली.

"मायेनेच नाक दाबलं की." ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही.

बाई तिच्याजवळ बसल्या. "ताई, त्या माणसाने मखमल मुद्दाम घातली. तुला माहीत नव्हतं. आता माहीत झालं, आणि पोरीची संधी अजून हातात आहे. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे."

संध्याकाळी मशीन बघायला माणूस आला. ताईने त्याला दारातच थांबवलं.

"विकायचं नाही."

"बाई, काल तर तुम्हीच बोलावलंत."

"काल मला कुणीतरी घाबरवलं होतं," ताई म्हणाली. "आज नाही घाबरत."

माणूस गेला. भाची आत लॅपटॉप रिळांवर ठेवून कामाला लागली होती, आणि पंख्याचा बारीक आवाज येत होता. ताईने निळी गादी उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि मग मशीनपुढच्या लाकडी स्टुलावर टाकली. एवढी वर्षं ती त्या उघड्या लाकडावर बसूनच शिवत आली होती. ती गादीवर बसली, जरा सरकून बघितलं.

"बरी आहे गं," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.