एक टोला आणि कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. आधाराची नव्हे, पूल या खेळाच्या टेबलावरची, त्यातही ब्रेकची. पूलमध्ये बॉल त्रिकोणात गच्च बसवतात आणि पहिल्या टोल्याने पांगवतात. त्या टोल्याला ब्रेक म्हणतात आणि तो माझा. पुढचा सगळा डाव दुसरी काठी खेळते आणि मी कोपऱ्यात. लग्नात अंतरपाट धरायला बोलावून पंगतीला विसरलेल्या माणसासारखी माझी गत आहे. त्यामुळे माझ्या अंगात सतत चुळबुळ असते.

गोव्यातलं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा तिथल्या टेबलाबरोबर मी तारकर्लीला विश्रामकाकांच्या लॉजमध्ये आले. टेबलाबरोबर काठ्यांचा अख्खा भारा होता. त्यातून ब्रेकसाठी मला निवडलं काकांच्या पुतणीने, रसिकाने. तिने प्रत्येक काठी टेबलावर लोळवून पाहिली. बाकीच्या हेलकावत गेल्या, मी सरळ गेले. तिने माझं टोक नखाने दाबलं. ते दबलं नाही, ब्रेकला कडकच टोक लागतं. मधे धरून वाकवून पाहिलं. मी वाकले नाही. मग हात झपकन पुढे जातो का, हे हवेत मारून पाहिलं. काकांना हे पटलं नाही. त्यांना भाऱ्यातली सर्वांत जड काठी आवडली होती.

"गो, वल्हा कसा हाताक भारी लागाक व्हया," ते म्हणाले. "ही तुझी नुसती काडी."

"काका, माका होडी नाय वल्हवची."

जड काठीने हात मंदावतो आणि मंद हाताने बॉल पांगत नाहीत, हे तिने समजावलं. काकांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे तुम्हाला घरोघरी दिसेलच.

पुढे पर्यटक वाढले आणि काकांना टेबलाच्या जागी खाटा दिसू लागल्या. रसिका हटून बसली. अखेर काकांनी शर्त घातली: रविवारी तोंडवलीच्या सुदेशला हरव, टेबल राहील, नाहीतर सोमवारी खाटा. सुदेश त्या पट्ट्यात कोणाला हरलेला नव्हता. काकांनी शर्त विचार करूनच घातली होती.

पण शनिवारी तेच काका मला अंगणात घेऊन बसले आणि होडीला लावतात ते माशाचं तेल त्यांनी मला शेंड्यापासून बुडापर्यंत प्रेमाने चोळलं. शर्त घालणारा आणि तेल लावणारा माणूस एकच. आमच्याकडे याला नातं म्हणतात. रात्रभर वाडीतली मांजरं माझ्याभोवती फिरत होती.

रविवारी माणसं जमली. रसिकाने मला उचललं आणि तिची बोटं मला चिकटली. काठी बोटांमधून सरकली नाही तर टोला कसला? सुदेश गालात हसून म्हणाला, "काठयेचा कालवण केलंस काय गो?"

काकांचा चेहरा उतरला. "लाकूड ता लाकूड," ते हळूच म्हणाले. "माझी होडी खंय कुजली?"

सीताकाकी मागच्या दारी बांगडे साफ करत होत्या. त्या राखेच्या हाताने आत आल्या. "होडी पाण्यात जाता. हिका खंय पोवाक जावचा आसा?" म्हणत त्यांनी मला राखेने खसखसून घासलं आणि कोरड्या फडक्याने पुसलं. काकांनी ती जड काठी पुढे केली. रसिकाने ती त्यांच्याच हातात ठेवली आणि मला घेतलं.

मी सरकले. असा कडकडाट झाला की मांजरं पळाली. दोन बॉल कडेच्या भोकांत गेले, बाकीचे टेबलभर पांगले. आणि मित्रांनो, त्याच क्षणी मला कोपऱ्यात उभं केलं, तोंड भिंतीकडे.

नंतरचा डाव मी फक्त ऐकला. टक. शांतता. टक. कोणीतरी 'अरेरे' म्हटलं, पण कोणासाठी ते कळेना. सुदेशचा खोकला. रसिकाच्या चपला टेबलाभोवती. मग बराच वेळ काहीच नाही. भिंतीला डोळे असते तर मी विचारलं असतं.

शेवटी एक टक, आणि काकांचा आवाज आला.

"सीता, त्या सुताराक फोन कर. खाटी नको म्हणान सांग."

तर मित्रांनो, ब्रेकची काठी निवडताना तिला लोळवून पाहा, टोक दाबून पाहा, आणि हाताला झेपेल तेवढंच वजन घ्या. तिची काळजीही जरूर घ्या. फक्त तिला काय लागतं, ते आधी विचारा. आणि टोला मारून झाला की तिला कोपऱ्यात ठेवा, हरकत नाही. पण तोंड टेबलाकडे करून.