पडद्यावरचं पाणी

१९७३ सालचा एप्रिल. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाहेर माळावर आमच्या आण्णांचं फिरतं टॉकीज उभं होतं. त्या साली जत्रा भरल्याच नाहीत, म्हणून आण्णांनी तंबू दुष्काळी कामाजवळ आणला. दिवसभर खडी फोडून माणसं अंधार पडल्यावर आमच्याकडे येतील, एवढीच आशा. इथं चाललं नाही तर तंबू मोडायचा, असं त्यांनी आईला सांगितलं होतं.

जुने सिनेमे सगळ्यांनी बघितलेले. आण्णांनी नगरहून एक इंग्रजी सिनेमा आणला, घोडेस्वारांचा आणि बंदुकांचा. ते त्याच्या प्रेमातच पडले होते. तांबडे डोंगर, पडदाभर आभाळ, धुळीतून येणारी घोडी. गोष्ट मात्र विस्कळीत. मधूनच एखादा माणूस मरायचा आणि तो कोण हे कळायचं नाही. त्यावर आण्णांचा इलाज म्हणजे माझा थोरला भाऊ मच्छिंद्र. तो माईकवर मराठीत गोष्ट सांगायचा. नसली तर रचायचा. दिवसाही भोंगा घेऊन जाहिरात करत फिरायचा, त्यामुळे त्याला सगळे नावानं ओळखत.

पहिल्या खेळाला तंबू भरला. मच्छिंद्र रंगात होता. नायकाला तो पाव्हणा म्हणत होता. दरोडेखोराच्या मिशा अगदी आपल्या मुकादमासारख्या आहेत, असं म्हणाला तेव्हा मुकादम सोडून सगळे हसले.

बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी गोजरबाई बसली होती. महिन्यापूर्वी तिची सून मालन विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरत असताना दरड अंगावर कोसळून मेली. खडीवरच्या बायकांनी म्हातारीला बळंच आणलं होतं, घटकाभर विसरेल म्हणून.

मग पाव्हणा एका गावात आला. एका बाईनं त्याला पाण्याची बादली दिली. तो दोन घोट प्यायला आणि उरलेली बादली त्यानं डोक्यावर ओतली. उन्हात थेंब न् थेंब चमकला. सगळ्या सिनेमात त्या पाण्याइतकं देखणं काही नव्हतं. पाणी धुळीत जिरलं.

गोजरबाई बसल्या जागेवरूनच बोलली, "मच्छिंद्रा, इचार त्याला. ते पानी कुनी भरलं हुतं?"

मच्छिंद्रला एरवी कशाचंही उत्तर सुचायचं. त्यानं माईक तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. पुढचा सिनेमा इंग्रजीतच चालला. पाव्हण्यावर गोळ्या सुटल्या तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, बरं झालं. शेवटापर्यंत निम्मी माणसं उठून गेली होती.

सकाळी आण्णा तेवढा तुकडा कात्रीनं कापत बसले. मच्छिंद्र म्हणाला, "कापून काय व्हनार, आण्णा? शिनेमा दिसायला लई देखना हाय. पन त्यातल्या घोड्यांनाबी कुनी पानी पाजत न्हाई. माज्याच्यानं ही गोष्ट न्हाई सांगवनार."

"येवढं आभाळ ह्या खडी फोडनाऱ्यांना कुनी दावलं हुतं का रं?" आण्णा एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी तंबूत फक्त मुकादम आणि त्याचे दोन सोबती होते. पुढच्या आठवड्यात आम्ही तंबू उतरवला.

आण्णांनी मशीन विकलं आणि शेवगावला एका पिठाच्या गिरणीवर कामाला लागले. कापलेली पट्टी ते उजेडाकडे धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मोठ्या पडद्याचं दुसरं काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं. तिथंच ते वारले. मच्छिंद्र साखर कारखान्यात लागला. घरच्या लग्नातसुद्धा त्यानं कधी माईक हातात घेतला नाही. गेल्या वर्षी तोही गेला. गोजरबाई पुढं ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाबरोबर सोनईकडे गेली म्हणतात. तिचं नंतर काही कळलं नाही.

ती पट्टी आता माझ्याकडे आहे. रंग उडून सगळी गुलाबी पडली आहे. पाणी कुठलं आणि धूळ कुठली, ते ओळखू येत नाही.