आजोबा गैरहजर होते ते वर्ष

ही १९६१ सालची गोष्ट. मी आठ वर्षांची होते आणि त्या ईस्टरपासून पुढच्या ईस्टरपर्यंत आमचे आजोबा घरात नव्हते. म्हणजे होते; रोज दाढी करायचे, शिंकायचे, माझ्या धाकट्या भावाला, गोट्याला, पाढे विचारायचे. पण रीतीप्रमाणे ते नव्हते.

रीत त्यांनीच घातलेली. ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात सारी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर तपासायला घरच्या माणसांशिवाय काही उरलं नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी आजी बारा अंडी उकडायची आणि आम्ही पाच मुलं घरातल्या प्रत्येकाचं एकेक रंगवायचो. आजीच्या अंड्यावर चष्मा, मोठ्या काकांच्या अंड्यावर पाईप, आत्याच्या अंड्यावर छत्री, आजोबांच्या लाल अंड्यावर तराजू. गोट्याने स्वतःसाठी मासा काढला होता, तो बुटासारखा दिसत होता. रविवारी सकाळी आजोबा अंडी लपवायचे आणि आम्ही ती एकच्या ठोक्याच्या आत शोधून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवायची. लपवणाऱ्याने जागा सांगायची नाही. ज्याचं अंडं मिळालं नाही तो वर्षभर गैरहजर. त्याला टेबलापाशी खुर्ची नाही आणि घरच्या कुठल्याही गोष्टीत मत नाही.

थट्टा वाटेल, पण दोन वर्षांपूर्वी मोठ्या काकांचं अंडं मिळालं नव्हतं. काकांनी वर्षभर खिडकीपाशी उभं राहून जेवण केलं. काकू त्यांना पत्रं लिहायची आणि त्यांच्याच उशीखाली ठेवायची. इकडे सर्व ठीक आहे, तुमचे पायमोजे वाळत घातले आहेत, असं काहीबाही. काकांना ती पत्रं इतकी आवडली की परत हजर झाल्यावर ते दोन महिने उदास होते.

या वेळी जीव टांगणीला लागला होता आत्याचा. चौकातल्या घड्याळवाल्याने तिला मागणी घातली होती. त्याला दुसऱ्या गावात दुकान मिळालं होतं, सोमवारी पहाटेच्या गाडीने तो जाणार होता आणि हो की नाही ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आजोबांचं उत्तर 'नाही' होतं. कारण एकच: घड्याळवाल्याचं स्वतःचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. दुसऱ्यांची घड्याळं लावण्यातून त्याला सवड होत नाही, असं आत्याने परोपरीने सांगून पाहिलं.

"आत्ताच सात मिनिटं मागे आहे," आजोबा म्हणाले. "म्हातारपणापर्यंत कुठे जाऊन पोचेल, विचार केलायस?"

रविवारी सकाळी आम्ही घर उलथंपालथं केलं. पिठाच्या डब्यात काकू सापडली, बाबांच्या बुटात बाबाच सापडले, गोट्याला स्वतःचा मासा आजीच्या लोकरीच्या गुंड्यात मिळाला. साडेबाराच्या सुमाराला मी दारामागे टांगलेल्या आजोबांच्या जुन्या सरकारी कोटाच्या खिशात हात घातला, तर हाताला गुळगुळीत लागलं. लाल अंडं, वर तराजू.

स्वयंपाकघरात आत्या बटाटे सोलत होती. बटाटा कधीच सोलून झाला होता, तरी ती सोलतच होती. मी तिच्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. खुर्ची नाही तर मत नाही, एवढं मला कळत होतं. अंडं मी फ्रॉकच्या खिशात टाकलं.

एकचा ठोका पडला तेव्हा टेबलावर अकरा अंडी होती. बाबा म्हणाले की अजून पाच मिनिटं शोधू, पोरं लहान आहेत. आजोबांनी मान हलवली. मापात सूट नसते, असं म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची स्वतः उचलली, जिन्याखाली नेऊन ठेवली आणि बशी घेऊन ते खिडकीपाशी उभे राहिले. मोठ्या काकांनी त्यांना कुठे टेकलं की पाठ दुखत नाही ते दाखवलं.

मी सुपात नुसता चमचा फिरवत राहिले. उभे राहिलेले आजोबा बसलेल्या आजोबांपेक्षा लहान दिसत होते. शेवटी मी उठले आणि त्यांच्यापाशी गेले.

"आजोबा, माझ्याकडे ना—"

त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. तिथे लाल रंगाचा डाग उमटला होता. मग त्यांनी दारामागच्या कोटाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ आत्याकडे. ती मान खाली घालून बसली होती.

"बाळ, मी इथे नाहीच," ते हळूच म्हणाले. "जो नाही त्याला काय दिसणार? जा, सूप निवतंय."

मी जागेवर येऊन बसले. आजीने चमचा खाली ठेवला.

"आता घरात मोठी मीच," ती आत्याला म्हणाली. "त्याला हो म्हणून कळव. आणि सात मिनिटं उशिरा आला तर बरंच आहे. तुझं आवरायला तेवढी लागतातच."

लग्न जूनमध्ये झालं. गैरहजर माणसाला मुलीकडून बसता येईना, म्हणून आजोबा मुलाकडच्या मंडळींत बसले. मुलीकडची माणसं जरा चक्रम दिसतात, असं त्यांनी घड्याळवाल्याच्या आईला सांगितलं. तिलाही तसंच वाटलं होतं.

पुढच्या ईस्टरला त्यांचं अंडं सगळ्यांत आधी मिळालं, त्याच कोटाच्या खिशात. त्यानंतर आजोबा सहा वर्षं हजर राहिले. ते गेले त्या सकाळी आजीने आम्हाला घरभर शोधायला लावलं आणि एकचा ठोका पडेपर्यंत कुणाला रडू दिलं नाही. मोठ्या काकांनी एका ईस्टरला स्वतःचं अंडं गुपचूप खाऊन टाकलं. त्या वर्षीची काकूची पत्रं त्यांच्या पेटीत मिळाली, रिबिनीने बांधलेली. गोट्या चित्रकार झाला. त्याचे मासे अजून बुटासारखेच दिसतात, पण आता लोक ते विकत घेऊन भिंतीवर लावतात. आत्याचा संसार एकेचाळीस वर्षं झाला. घड्याळवाले गेले, पण त्यांचं घड्याळ ती रोज किल्ली देऊन चालू ठेवते आणि सात मिनिटं मागेच ठेवते.

आणि ते लाल अंडं मी माझ्या कपाटात मोज्यांखाली लपवलं होतं. तीन आठवड्यांनी असा वास सुटला की आईने उंदीर मेला म्हणून सगळं घर धुऊन काढलं. काका नाकाला रुमाल लावून फिरत होते, आजी अंगणात जेवत होती. आजोबा तेवढे माझ्या कपाटाला टेकून निवांत वर्तमानपत्र वाचत उभे होते. त्यांना कसलाच वास येत नव्हता. ते इथे नव्हतेच.