माथ्यावरची जुनी झुडपं

कार्तिकात चहामळ्याच्या मुकादमानं, मनबीर सरदारानं, तोडणीवरच्या बायकांना विचारलं, "यंदा नवी झुडपं लावायला कुठला उतार उपटायचा? साहेबांना तुमचंही मत हवंय."

सुकमितच बोलली, "माथ्यावरचा. पान नखाएवढं. दुपार झाली तरी टोपलीचा तळ झाकत नाही."

"अगं, थेट सासूच्या उतारावरच उठलीस की!" कांछीदिदी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

सुकमितही हसली. रुंद पानांची नवी झुडपं आली की टोपली झटकन भरेल आणि पाळणाघरातल्या तान्ह्या बिर्खला वेळेवर पाजता येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

तिची सासू, आमा, छत्तीस वर्षं त्याच उतारावर खुडत होती. तिच्याच जागी सुकमित कामाला लागली होती. आमा सांगायची, "जेठात हिरवी कीड चावली की ही म्हातारी झाडं रुसतात. रुसली की असा वास सोडतात, वाटावं कुणी मध सांडलाय."

थंडीत माथा उपटला. दंडाएवढी मुळं उताणी पडली. मग सरदारानं सांगितलं, आधी दोन वर्षं नुसतं गवत, माती निवायला. मग रोपं. मग आणखी तीन वर्षांनी पान. तोवर बिर्ख शाळेत जाईल. फागुनात पालवी फुटली आणि सुकमितला नदीकाठच्या, रुंद पानांच्या उतारावर धाडलं. तिथून पाळणाघर तासाभराच्या चढणीवर. दुपारी दुधानं चोळी भिजायची आणि अंगावरच सुकायची.

"साहेबाला माथा कुणी गं सुचवला?" एका संध्याकाळी आमानं विचारलं. ती चुलीत फुंकर घालत होती.

"सरदारानं."

आमानं लाकूड आत सारलं. "त्याला गं कसली घाई? त्याला थोडंच लेकराला पाजायला धावायचं होतं."

सुकमित बिर्खला कडेवर घेऊन अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या वळणावर आमा दिसली. बिर्खला पाठीशी बांधून, गुडघ्यावर हात टेकत, एकेक पायरी उतरत होती.

"घे. केव्हाचा रडतोय."

बिर्ख प्यायला लागला. आमा शेजारी टेकली. सवयीनं तिनं एक रुंद पान खुडलं, चुरडलं, नाकाशी नेलं. मधाचा मागमूस नव्हता, नुसता गवताचा वास. तिनं हात पदराला पुसला.

सुकमितला मान वर करवली नाही.